कोऱ्या पडद्याचा अभिमान

संगणकावर केवळ मजकूर लिहिण्यासाठी व सुधारण्यासाठी जी साधने आहेत, त्यांना इंग्रजीत टेक्स्ट एडिटर म्हणतात. आता मराठीतही तेच नाव रूढ झाले आहे. या एडिटरच्या माथ्यावर लहान चित्रांची पट्टी आणि शब्दांची यादी, म्हणजेच टूलबार आणि मेनू, असावीत की नसावीत, हा वाद त्या साधनांचे जाणते उपयोजक कित्येक वर्षे घालीत आले आहेत. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने अशा वादास जागा द्यावी काय, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु आज मराठीतील बहुतेक कथा, प्रबंध आणि टीकालेख कागदावर उतरण्यापूर्वी पडद्यावर उतरतात, ही गोष्ट त्यांनी ध्यानी घ्यावी. ज्या जागेत आपले लेखक दिवसाचे चार-सहा तास वावरतात, त्या जागेची रचना कशी असावी हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांवर सोडून देणे आम्हांस इष्ट वाटत नाही. शिवाय या वादात मराठी लेखकाची म्हणून एक स्वतंत्र बाजू आहे, आणि ती कोणी मांडलेली आमच्या वाचनात नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. वर्ड प्रोसेसर आणि टेक्स्ट एडिटर ही दोन साधने भिन्न आहेत. पहिल्यात अक्षर ठळक करणे, त्याचा रंग बदलणे, समास राखणे असे सजावटीचे काम लिहिता लिहिता करता येते. दुसऱ्यात मजकूर हा केवळ मजकूर असतो; त्याला रंग नाही, रूप नाही. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक हे दुसरे साधन वापरतात. आणि अलीकडे ज्यांना सजावटीचा उबग आला आहे असे पुष्कळ लेखकही त्याकडे वळू लागले आहेत. आमचा प्रश्न या दुसऱ्या साधनापुरताच आहे.

कोऱ्या पडद्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. 1969 साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी रचलेल्या ‘एड’ या एडिटरात पडद्यावर काहीच दाखविलेले नसे. 1976 साली बिल जॉय यांनी बर्कलीस ‘व्ही-आय’ रचला, आणि त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींच्या हातून ‘ईमॅक्स’चा जन्म झाला. या दोहोंत सर्व हुकूम कळफलकावरून दिले जातात. हात एकदा कळांवर बसला की तो तेथून उचलावा लागत नाही; उंदीर धरून चित्र शोधण्यात चित्त विचलित होत नाही; वाक्य मनात जुळत असता ते तुटत नाही. 2001 साली ईमॅक्सच्या एकविसाव्या आवृत्तीत चित्रांची पट्टी आली, तेव्हा ती काढून कशी टाकावी हे सांगणारी एक ओळ जाणत्या उपयोजकांत हातोहात पसरली. आजही ईमॅक्सच्या ‘डूम’सारख्या तयार मांडण्यांत पट्टी, यादी आणि सरकपट्टी ही तिन्ही आरंभीच बंद केलेली असतात. नवख्याने चार दिवस कष्ट घ्यावेत, पुढे जन्मभर सुख आहे, असा या पंथाचा उपदेश आहे.

हा उपदेश पोकळ नाही. सजावटीची साधने सतत डोळ्यांसमोर असली म्हणजे लेखकाची बुद्धी कशी आळसावते, याचा अनुभव आम्ही महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन करीत असता घेतला आहे. एका विद्यार्थ्याच्या कथेत एक तरुण आपल्या मृत वडिलांशी मनोमन बोलतो. वडिलांची वाक्ये त्याने निळ्या रंगात आणि मुलाची काळ्या रंगात लिहिली होती. सर्व लेख एकत्र करण्यासाठी आम्ही ते साध्या मजकुराच्या रूपात आणले, तेव्हा रंग गेला आणि कोण बोलत आहे हेच कळेनासे झाले. दोन्ही माणसे एकाच भाषेत, एकाच लयीत बोलत होती. फरक होता तो रंगाचा. कथा परत गेली. पुढल्या महिन्यात ती आली तेव्हा वडील बार्शीकडील शेतकऱ्याच्या बोलीत, तुटक, अर्धवट वाक्यांत बोलत होते आणि मुलगा शहरी मराठीत. पट्टीवरील एका बटणाने जी उणीव झाकली होती, ती साध्या मजकुराने उघडी केली. तेव्हापासून विद्यार्थ्यांनी पहिला खर्डा एडिटरमध्येच लिहावा, असा आग्रह आम्ही धरू लागलो.

आमच्या शहराच्या धंद्यातही हाच विवेक दिसतो. सोलापूरच्या चादरीवरील नक्षी जकार्डाच्या यंत्रणेने विणली जाते. फ्रान्समध्ये जकार्डाने 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीत नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रे पाडून आधीच नोंदविलेली असते. हल्ली पट्ट्यांची जागा संगणकाच्या आज्ञाही घेऊ लागल्या आहेत. मागावर उभा असलेला विणकर प्रत्येक धाग्यास थांबून फुलाची पाकळी केवढी असावी याचा विचार करीत नाही. तो विचार दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी झालेला असतो. लेखनाचेही तसेच असावे. शीर्षक ठळक असावे की तिरपे, हे पट्ट्या पाडण्याच्या वेळी ठरवावे. विणण्याच्या वेळी धाग्याकडे लक्ष असावे. सबब सजावटीची बटणे एडिटरमध्ये नसावीत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

येथपर्यंत आम्ही कोऱ्या पडद्याच्या पक्षाबरोबर चाललो, आणि काही वर्षे थोडे पुढेही गेलो होतो. एका तरुण सहाध्यापकांच्या सूचनेवरून प्रयोगशाळेतील एडिटरांची पट्टी तर आम्ही काढलीच, परंतु यादीही काढली. पडदा अगदी कोरा झाला. आम्हांस तो फार शोभिवंत वाटला. त्या वर्षी विणकामातील शब्दांचा एक लहानसा संग्रह करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे होते. एक विद्यार्थिनी घरी तेलुगू बोलणारी, पद्मशाली विणकरांच्या कुटुंबातील होती. आजोबांकडून ऐकलेले शब्द व त्यांचे अर्थ तिने दीड तास बसून मराठीत लिहिले. जतन करण्यासाठी कंट्रोलच्या कळेसह आधी एक्स आणि मग एस दाबावे, असे तिला सांगितले होते. तसे तिने दाबले. तळाशी इंग्रजीत एक बारीक ओळ उमटली; ती जतन झाल्याची पावती आहे असा तिचा समज झाला. तास संपला, यंत्रे बंद झाली आणि मजकूर गेला. नवी फाइल उघडण्याचा हुकूमही त्याच कळांपासून सुरू होत असल्याने तिने समोर जी कोरी जागा दिसली तीतच लिहिले होते, आणि तशा जागेतील मजकूर ते यंत्र आपण होऊन जपून ठेवीत नाही.

दोष कोठे होता, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. मराठी लिहिण्यासाठी तिने संगणकाचा कळफलक इन्स्क्रिप्टवर ठेवला होता. या मांडणीत एक्सच्या कळेवर अनुस्वार आहे आणि एसच्या कळेवर एकाराची मात्रा. म्हणजे यंत्राला हुकूम पोहोचला तो ‘कंट्रोल-अनुस्वार’ असा. आणि तळाशी उमटलेल्या ओळीचा अर्थ, असा हुकूम ठरविलेला नाही, एवढाच होता. मुलीने सांगितल्याबरहुकूम केले होते; यंत्रानेही नियमाप्रमाणेच उत्तर दिले होते. चूक होती ती कोऱ्या पडद्याचे कौतुक करणाऱ्या आम्हां लोकांची. यादी जागेवर असती तर तिने ‘फाइल’वर बोट ठेवून ‘सेव्ह’ निवडले असते. कळफलक कोणत्या लिपीत आहे याची त्या निवडीस पर्वा नसते. ती पुन्हा आली, पण आजोबांकडे नव्याने बसून शब्द विचारण्याइतका अवकाश मिळाला नाही, आणि संग्रहात तिचे पृष्ठ अर्धेच राहिले.

या प्रसंगाने आम्हांस मूळ वादाचाच पुनर्विचार करावा लागला. कळांचे हुकूम स्वाभाविक आहेत, हाताला ते लवकर वळण लावतात, असे जे सांगितले जाते ते इंग्रजी लिहिणाऱ्यापुरते खरे आहे. ‘सेव्ह’चा एस, ‘कॉपी’चा सी, ‘फाइंड’चा एफ अशा आद्याक्षरांनी पुष्कळ कळा बांधल्या आहेत. ज्याचा मजकूरही त्याच अक्षरांत आहे, त्याला स्मरणाचा हा आधार फुकट मिळतो. मराठी लिहिणाऱ्यास सीच्या कळेवर ‘म’ आणि व्हीच्या कळेवर ‘न’ दिसतो. त्यावरून नक्कल करणे वा चिकटवणे सुचावे कसे? व्ही-आयच्या वंशातील एडिटरांत तर मजकूर लिहून हुकुमाकडे वळताना दर वेळी कळफलक रोमन लिपीवर आणावा लागतो, अथवा एडिटरची स्वतःची निराळी कळयोजना शिकून घ्यावी लागते. ईमॅक्सने या अडचणीवर आपली स्वतंत्र लेखनपद्धती देऊन उपाय केला आहे. त्यात इन्स्क्रिप्टचीही सोय आहे आणि हुकूम रोमनच राहतात. परंतु ही सोय आहे हे कळावयाचे कसे? ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती सापडते; आणि यादी नाहीशी केली म्हणजे शोधण्याची जागाही नाहीशी होते.

कोणी म्हणेल, कोऱ्या पडद्याची ही कठोरता तपश्चर्येसारखी आहे. तिच्यात लेखनाविषयीचा आदर आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही. बिल जॉय यांचे हुकूम इतके आखूड झाले, कारण त्यांची तार मंद होती. सेकंदाला मोजकीच अक्षरे पडद्यावर येत. हौसेने पत्करलेला संयम तो नव्हे. ती साधनांची टंचाई होती. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, एच, जे, के, एल या ज्या चार कळांनी डावीउजवीकडे व वरखाली जाण्याचा या पंथास मोठा अभिमान आहे, त्या कळांवर जॉय यांच्या एडीएम-3ए यंत्रात बाणांची चित्रे छापलेलीच होती. पुढे ‘वर्डपरफेक्ट’चा पडदाही जवळजवळ कोरा असे, पण त्याच्या उपयोजकांच्या कळफलकावर हुकुमांची नावे छापलेली पट्टी बसविलेली असे. तेव्हा खुणांवाचून चालणारे साधन कधी नव्हतेच. खुणा कळांवर होत्या, पुठ्ठ्यावर होत्या, नाहीतर शेजारी बसलेल्या मित्राच्या तोंडी होत्या. पडद्यावरून त्या काढल्या की ज्याला शेजारी मित्र नाही त्याचे अडते.

उलट बाजूचा इतिहासही पाहावा. कापणे व चिकटवणे या ज्या क्रिया आज सर्वत्र रूढ आहेत, त्यांस आकार आला तो 1975 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी रचलेल्या ‘जिप्सी’ या एडिटरात. तो रचला होता जिन या शालेय पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. कागदावर कात्री चालवून परिच्छेद गोंदाने दुसरीकडे डकविणाऱ्या लोकांचे काम पाहून ती योजना झाली. चित्रे व याद्या मंदबुद्धीच्या माणसांसाठी आहेत, असा जो तुच्छतेचा सूर ऐकू येतो, तो या दृष्टीने अन्यायाचा आहे. ज्यांचा जन्म मजकूर तपासण्यात गेला अशा माणसांना अनोळखी यंत्र आपलेसे करता यावे, हा त्या योजनेचा हेतू होता.

मराठी वाचकास हा सारा वाद नवा वाटू नये. मोडी आणि बाळबोध यांचा संबंध त्याने आठवावा. मोडीत आधी शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि खाली हात न उचलता अक्षरे लिहीत जावयाचे. शब्द तोडावयाचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. कसलेल्या कारकुनाच्या हातून ती लिपी विलक्षण वेगाने उतरत असे. बाळबोध सावकाश चालणारी. परंतु तिच्या नावातच तिची प्रतिज्ञा आहे. छापखान्याने तिला उचलले, मेजर कँडी यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात तीत विरामचिन्हे रुजविली, आणि वाचन ही सामान्यांच्या आवाक्यातील गोष्ट झाली. मोडी जाणणारे थोडे उरल्याची किंमत आपण आजही देतो. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे समोर असूनही ती वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. मोडीच्या वेगाला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या लेखनाचे कौशल्य पाहून शिकता येत नाही, सांगूनच शिकावे लागते, ते सांगणाऱ्यांच्या जातीत, गावात वा मंडळीत अडकून पडते. कोऱ्या पडद्याचा एडिटर ही आपल्या काळाची मोडी आहे.

तर मग पट्टी आणि यादी दोन्ही ठेवावीत काय? येथे आम्ही दोहोंत भेद करतो. पट्टीवर चित्रे असतात, आणि चित्र हे शब्दाहून सोपे असते हा समज आम्हांस अनुभवाने खोटा वाटतो. जतन करण्याच्या चित्रात फ्लॉपी दाखवितात. सोनी कंपनीने 2011 साली जपानात तिची विक्री थांबविली. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांनी ती वस्तू हातात धरलेली नाही. त्यांच्या लेखी ते चित्र म्हणजे अर्थ हरवलेले अक्षर आहे. घोकून लक्षात ठेवण्याचेच. शिवाय पट्टीवर जागा थोडी, म्हणून कोणत्या चार क्रिया महत्त्वाच्या हे दुसऱ्याने ठरविलेले असते. यादीचे तसे नाही. यादीत क्रियेचे नाव असते, आणि त्या नावापुढे तिची कळही लिहिलेली असते. आज नाव वाचून निवडणारा माणूस उद्या कळ ओळखू लागतो आणि परवा यादी उघडीत नाही. यादी हे एडिटरचे व्याकरण आहे. पट्टी ही त्यातून कोणी निवडलेली चार सुभाषिते.

आणि यादी मराठीत असू शकते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कळ भाषांतरित होत नाही. ‘जतन करा’, ‘शोधा’, ‘चिकटवा’ हे शब्द होतात. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या साधनांच्या याद्या मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी केले आहे, आणि त्यांतील काही प्रतिशब्द ओबडधोबड असले तरी त्या कामाचे मोल आम्ही मानतो. ईमॅक्सच्या याद्या मात्र अद्यापि इंग्रजीतच आहेत. देवनागरी अक्षरे तो आता उत्तम जुळवितो, परंतु स्वतः देवनागरीत बोलत नाही. आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच वर्गात बसतात. त्या वर्गात यादी नसलेला एडिटर ठेवणे म्हणजे ज्याने इंग्रजी घरी ऐकले त्याला पुढच्या बाकावर बसविणे होय.

राहता राहिला पडद्यावरील गर्दीचा आक्षेप. त्याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. 1978 च्या सुमारास निघालेल्या ‘वर्डस्टार’मध्ये साहाय्याच्या शून्य ते तीन अशा चार पायऱ्या असत. नवख्यासाठी पडद्याचा वरचा भाग हुकुमांच्या यादीने भरलेला असे. हात बसला की उपयोजक स्वतःच पायरी उतरवून तो मोकळा करी. त्यातही एक सुंदर सोय अशी होती की, दोन कळांच्या हुकुमातील पहिली कळ दाबून माणूस क्षणभर थांबला, तरच पुढील कळांची यादी प्रकट होई. ज्याला येते तो थांबत नाही, म्हणून त्याला ती दिसत नाही. जो अडखळतो त्यालाच ती दिसते. चांगला शिक्षक याहून निराळे काय करतो? आणि आश्चर्य हे की, कोऱ्या पडद्याच्या भक्तांचा जो लाडका ईमॅक्स, त्याच्याच 2025 साली निघालेल्या तिसाव्या आवृत्तीत, अडखळणाऱ्यास पुढील कळांची नावे दाखविणारी अशीच एक सोय मूळ साधनात समाविष्ट झाली आहे. जे नाकारले तेच निराळ्या वाटेने परत आले, याचा आम्हांस आनंद होतो.

तात्पर्य, सजावटीची पट्टी एडिटरमध्ये नसावी; क्रियांच्या नावांची यादी असावी, ती लेखकाच्या भाषेत असावी, आणि ज्याला नको त्याला ती काढता यावी. मात्र काढण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा आहे. यंत्र मांडून देणाऱ्याने, शिक्षकाने वा कसलेल्या मित्राने तो दुसऱ्याच्या वतीने बजावू नये; आम्ही तो बजावला आणि त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला करावी लागली. आमच्या स्वतःच्या पडद्यावर आजही यादी नाही. चाळीस-पन्नास हुकूम हाताला ठाऊक झाले आहेत. प्रयोगशाळेतील यंत्रांवर मात्र ती आम्ही परत आणविली आहे. सध्या ती इंग्रजी आहे. तिच्या मराठी शब्दांचा खर्डा विद्यार्थ्यांनी करावयास घेतला असून ‘अनडू’साठी ‘उलटवा’ बरे की ‘मागे घ्या’, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. या बाबतीत वाचकांनी आपले मत कळविल्यास ते आम्ही त्यांच्यापुढे ठेवू.